लष्करातून निवृत्त झालेली चिलखती गाडी विकत घेताना

लष्करानं मोडीत काढलेली चिलखती गाडी खासगी माणसाला विकत घेता येते. सगळीकडे नाही आणि हवी ती नाही, पण ब्रिटन, अमेरिका आणि युरोपातल्या बऱ्याच देशांत ही कायदेशीर हौस आहे. तिचे मेळावे भरतात, सुट्या भागांचा बाजार चालतो, आणि एकच गाडी आयुष्यभर सांभाळणारी माणसंही भेटतात. नवखा माणूस मात्र बहुतेक वेळा उलट्या टोकानं सुरुवात करतो. जाहिरातीतला फोटो बघून गाडीच्या प्रेमात पडतो, इसार देऊन मोकळा होतो, आणि मग विचारायला लागतो की ही ठेवायची कुठे, आणायची कशी आणि नावावर होणार का. म्हणून इथला क्रम जरा कंटाळवाणा वाटेल: आधी जागा, मग कायदा आणि कागद, आणि त्यानंतर गाडी.

वजन आणि जागा

पहिला आकडा बघायचा तो वजनाचा. ब्रिटिश फेरेट ही चारचाकी टेहळणी गाडी साधारण ४ टनांची. सोव्हिएत बीआरडीएम-२ सुमारे ७ टन. ब्रिटनच्या स्कॉर्पियन-सिमिटर कुळातल्या, चाकांऐवजी पट्ट्यांवर चालणाऱ्या हलक्या गाड्या ८ टनांच्या आसपास. अमेरिकी एम-११३ ही सैनिक वाहून नेणारी गाडी मॉडेलप्रमाणे ११-१२ टन, चेकोस्लोव्हाकिया-पोलंडची आठचाकी ओटी-६४ चौदाच्या पुढे, ब्रिटिश एफव्ही-४३२ पंधराच्या घरात. टी-५५ सारखा खरा रणगाडा थेट ३६ टन. एक एक पायरी वर चढलात की ट्रेलर बदलतो, जॅक बदलतो, जमिनीचा पाया बदलतो, आणि प्रत्येक कामाला लागणारी माणसं वाढतात.

जागा बघताना फक्त लांबी-रुंदी मोजू नका. शेडच्या तळाचं काँक्रीट किती जाड आहे, त्याखाली सेप्टिक टँक किंवा पाण्याची लाइन जाते का, फाटकापासून शेडपर्यंतच्या वाटेत एखादी मोरी आहे का, हे आधी बघायचं. गाडी सरळ उभी राहिल्यावर सहसा काही होत नाही, नुकसान होतं ते वळताना. पट्ट्याची गाडी जागेवर वळली की फरशी उखडते, डांबर सोलून निघतं आणि खडीचा ढीग एका बाजूला जातो. त्यामुळे शेडमध्ये सरळ आत जाऊन सरळ मागे निघता येईल अशी मांडणी हवी. गाडीच्या चारही बाजूंना माणूस पाना घेऊन बसू शकेल एवढी मोकळी जागा सोडा, आणि वर छताला उंची हवी, कारण इंजिन वर उचलूनच बाहेर काढावं लागतं.

शेजाऱ्यांशी आधी बोलून ठेवा. दोन टोकांच्या प्रतिक्रिया येतात, आणि दोन्ही गाडी दारात येण्यापूर्वी कळलेल्या बऱ्या.

चाकं की पट्टे

माझं मत सरळ आहे: पहिली गाडी चाकांची घ्या. पट्ट्यांचा रुबाब वेगळा, यात वाद नाही. पण पट्टा ही झिजत राहणारी वस्तू आहे. कड्या जोडणाऱ्या पिना आणि त्यांची घरं झिजली की पट्टा लांबतो, ढिला पडतो, मग ताण वाढवायचा आणि ताणायला जागा उरली नाही की एक कडी काढायची. एम-११३ ला डाव्या बाजूला ६३ आणि उजव्या बाजूला ६४ कड्या असतात, कारण टॉर्शन बार, म्हणजे स्प्रिंगचं काम करणाऱ्या आडव्या दांड्या, एकमेकांशेजारून जाव्यात म्हणून दोन्ही बाजूंची चाकं थोडी पुढेमागे बसवलेली आहेत. विकत घ्यायला गेलात की या कड्या मोजा. एका बाजूला दोन-तीन कमी भरल्या, तर तो पट्टा आयुष्याच्या शेवटाकडे आला आहे, आणि नव्या पट्ट्यांचा जोड हा बहुधा गाडीवरचा सगळ्यांत मोठा एकरकमी खर्च असतो. रस्त्यावर चालवायची तर कड्यांवरचे रबरी ठोकळेही शाबूत हवेत. नुसतं लोखंड डांबरावर फिरवलंत तर रस्ता दुरुस्तीचं बिल तुमच्या नावानं येईल.

चाकांच्या गाड्यांतही खोडी आहेत. फेरेटचंच घ्या, कारण ती नवख्यांची लाडकी आहे. १९५२ ते १९७१ दरम्यान डेमलर कंपनीनं सुमारे ४४०० बनवल्या, त्यामुळे अजून बऱ्याच शिल्लक आहेत. तिचं रोल्स-रॉइस बी-६० हे सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन साधं आणि माफक समजूतदार आहे. पण तिच्यात डिफरन्शियल एकच, डावी आणि उजवी बाजू वेगळी करणारा. एका बाजूचं पुढचं आणि मागचं चाक शाफ्टनं एकमेकांशी घट्ट बांधलेलं. वळताना पुढच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं. चिखलात टायर थोडा घसरून हिशेब चुकता करतो, डांबरावर मात्र टायर घसरत नाही आणि तो सगळा पीळ शाफ्ट आणि कोपऱ्यांतल्या गिअरपेट्यांत साठत जातो. गाडी जड वाटू लागते, जणू हँडब्रेक ओढलेला आहे, आणि तशीच रेटली तर आत काहीतरी मोडतं. जाणते चालक अधूनमधून एका बाजूची चाकं रस्त्याकडेच्या मातीत उतरवतात किंवा उंचवट्यावरून नेतात, की पीळ सुटतो. याच कारणासाठी चारही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले लागतात. तीन जुने, एक नवा असं दिसलं तर विक्रेत्याला या गाडीतलं कळत नाही, किंवा त्याला वाटतंय की तुम्हाला कळत नाही. सॅरासेन या सहाचाकी ब्रिटिश गाडीलाही हाच नियम लागू.

फेरेटमधलं डावं पेडल क्लचसारखं दिसतं, पण क्लच नाही. दांड्यानं गिअर आधी निवडून ठेवायचा आणि मग ते पेडल तळापर्यंत दाबून सोडायचं, की गिअर बदलतो. अर्धवट दाबलंत तर ते नेहमीपेक्षा वर उसळून तळव्यावर जोरात आपटतं. मागे जाण्यासाठी वेगळा दांडा आहे, त्यामुळे पुढच्यासारखेच मागेही पाच गिअर मिळतात. टेहळणी गाडीला संकटातून पळ काढायचा असतो, म्हणून ही सोय.

पट्टेच हवे असतील, तर सुट्या भागांकडे बघून निवड करा. एम-११३ कुळातल्या गाड्या जगभरात ८० हजारांहून अधिक बनल्या, आणि तिच्या डिझेल आवृत्तीतलं डेट्रॉइटचं ६व्ही-५३ इंजिन लष्कराबाहेरही वापरलं गेलं, म्हणून त्याचे भाग आणि ते उघडणारे मेकॅनिक दोन्ही मिळतात. एफव्ही-४३२ सहज सापडते आणि आतून प्रशस्त आहे, पण तिचं के-६० हे दोन-स्ट्रोक इंजिन विचित्र जातीचं: सहा सिलिंडर, बारा पिस्टन, प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन समोरासमोर. चालतं तेव्हा छान चालतं, पण ते उघडायला कोणत्याही ट्रक मेकॅनिकला सांगता येत नाही. स्कॉर्पियन कुळातल्या मूळ गाड्यांत जॅग्वारचं ४.२ लिटर पेट्रोल इंजिन होतं, नंतर ब्रिटिश लष्करानं बऱ्याच गाड्यांत कमिन्सचं डिझेल बसवलं. डिझेलवाली मिळाली तर तीच घ्यावी.

कायदा: तोफ, चिलखत, परवाना

इथे आळस केलात तर गाडी जप्त होते, आणि कधी कधी मालकही आत जातो. जर्मनीतल्या हाइकेनडॉर्फ गावात २०१५ मध्ये एका वृद्ध संग्राहकाच्या घराच्या तळघरातून पँथर रणगाडा आणि ८८ मिलिमीटरची विमानविरोधी तोफ लष्करानं बाहेर काढली. रणगाडा ओढायला सैनिक आणि लष्कराची रिकव्हरी वाहनं यांना जवळपास नऊ तास लागले. ही शस्त्रं निकामी आहेत असा बचाव होता. २०२१ मध्ये निकाल लागला: १४ महिन्यांची स्थगित शिक्षा आणि अडीच लाख युरो दंड.

म्हणजे 'निकामी' याचा अर्थ तुमच्या देशातला कायदा काय लावतो, ते सर्वांत आधी बघायचं. प्रश्न तीन आहेत आणि तिन्ही वेगळे.

पहिला शस्त्राचा. ब्रिटनमध्ये तोफ किंवा मशीनगन अधिकृत निकषांप्रमाणे निकामी केलेली असावी लागते आणि तिचं प्रमाणपत्र लागतं. हे प्रमाणपत्र गाडीचं नसतं, त्या विशिष्ट शस्त्राचं असतं, क्रमांकासह. अमेरिकेत १९३४ च्या राष्ट्रीय शस्त्र कायद्याखाली चालू तोफ नोंदवून बाळगता येते. अर्ध्या इंचापेक्षा मोठ्या तोंडाची तोफ 'विध्वंसक उपकरण' या वर्गात मोडते आणि स्फोटक गोळा असेल तर प्रत्येक गोळ्याची वेगळी नोंद लागते. नवख्यानं या फंदात पडू नये. तोफ नसलेली, किंवा कागदासह निकामी केलेली गाडी घ्या. 'नळी वेल्ड केलीय, काळजी नको' असं तोंडी सांगणाऱ्याकडून तर अजिबात घेऊ नका.

दुसरा प्रश्न खुद्द चिलखताचा. काही देशांत तोफ काढली तरी गाडी युद्धसामग्रीच राहते. जर्मनीत चिलखताला भोकं पाडून गाडी निर्लष्करी केल्याशिवाय ती खासगी हातात जात नाही. अमेरिकी सरकार आपल्या लढाऊ चिलखती गाड्या साधारणपणे अख्ख्या विकत नाही, कापूनच भंगारात देतं; म्हणून तिथल्या संग्राहकांकडच्या बऱ्याच गाड्या परदेशातून आलेल्या दिसतात. ब्रिटनमध्ये मात्र संरक्षण खात्याच्या वतीनं टेंडर आणि लिलावातून अख्ख्या गाड्या विकल्या जातात, आणि जगभरच्या ग्राहकांचं तिकडे लक्ष असतं.

तिसरा प्रश्न सीमा ओलांडण्याचा. चिलखती गाडी जुनी झाली म्हणून निर्यात नियंत्रणातून सुटत नाही. विकणाऱ्या देशाचा निर्यात परवाना आणि तुमच्या देशाचा आयात परवाना हे दोन वेगळे कागद. अमेरिकेत आणायची तर एटीएफ या केंद्रीय संस्थेची आयात परवानगी गाडी जहाजावर चढण्याआधी हातात हवी. आणखी एक गाठ आहे: अमेरिकेनं लष्करी मदत किंवा सरकारी विक्रीतून दुसऱ्या देशाला दिलेली गाडी त्या देशाला पुढे विकायची असेल, तर अमेरिकी परराष्ट्र खात्याची संमती लागते. म्हणून तिसऱ्याच देशातल्या एम-११३ ची स्वस्त जाहिरात दिसली की पहिला प्रश्न हा विचारा, की ती संमती कुठे आहे. रात्री दिसणाऱ्या दुर्बिणी आणि लष्करी रेडिओ गाडीत राहिले असतील तर त्यांचे नियम पुन्हा वेगळे.

रस्त्यावर चालवायचं असेल तर परवाना, नोंदणी, विमा. ब्रिटनमध्ये पट्ट्यांनी वळणाऱ्या वाहनासाठी लायसन्सवर एच वर्ग लागतो आणि त्याला किमान वय २१ आहे. अमेरिकेत राज्यागणिक नियम बदलतात, आणि काही राज्यं लष्करी गाडीची रस्त्यासाठी नोंदणी करायला तयार नसतात. विम्यासाठी नेहमीच्या कंपनीला फोन करून वेळ घालवू नका. लष्करी वाहनांच्या संघटनांना ठरलेले विमेकरी माहीत असतात. अमेरिकेतली मिलिटरी व्हेइकल प्रिझर्वेशन असोसिएशन १९७६ पासून आहे, ब्रिटनमध्ये मिलिटरी व्हेइकल ट्रस्ट आहे. गाडी घेण्याआधी सभासद व्हा. वर्गणी किरकोळ असते आणि तिथे एक संध्याकाळ घालवलीत तर कोणता विक्रेता कसा आहे हे न विचारता कळतं.

कागद

गाडीवरची धातूची पाटी आणि सांगाड्यावर कोरलेला क्रमांक, हे दोन्ही कागदावरच्या क्रमांकाशी जुळले पाहिजेत. पाटी स्क्रूनं लावलेली असते आणि सहज बदलता येते. कोरलेला किंवा वेल्डनं उमटवलेला क्रमांक बदलणं अवघड. रंगाच्या थरांखाली तो दिसत नसेल तर विक्रेत्यासमोर ब्रशनं घासून बघा. अमेरिकी सरकारी विक्रीतून आलेल्या वाहनाला एसएफ-९७ हा कागद असतो, त्यावरून पुढे मालकीपत्र मिळतं. इतर देशांत लष्करानं गाडी सेवेतून काढल्याचा दाखला, विक्रीची पावती, आयात केली असेल तर सीमाशुल्क भरल्याची पावती. मधल्या मालकांची साखळी तुटलेली असेल तर किंमत कितीही मोहात पाडणारी असो, तिथून निघा.

गाडी तपासताना

जाताना टॉर्च, आरसा, चुंबक, जुने कपडे आणि शक्य असेल तर त्याच प्रकारची गाडी बाळगणारा एखादा माणूस सोबत न्या. विक्रेत्याला आधीच सांगा की इंजिन गार असताना सुरू होताना बघायचं आहे. पोचल्यावर त्याच्याशी गप्पा मारण्याआधी इंजिनावर हात ठेवा. कोमट लागलं तर त्यानं आधीच चालू करून बघितलंय, आणि का, ते त्याला विचारा.

त्यानंतर खाली वाका. चिलखती गाडीचा सांगाडा म्हणजे झाकण लावलेलं लोखंडी टाकं, त्यात पाणी शिरलं की बाहेर पडत नाही. हॅचच्या, म्हणजे वरच्या झाकणांच्या, रबरी पट्ट्या कडक झाल्या की पावसाचं पाणी आत झिरपतं, तेल आणि मातीत मिसळून तळाशी काळा चिखल होतो, आणि त्याखाली वायरिंग, ब्रेकच्या नळ्या, फळ्यांचे आधार सडत राहतात. तळाचा एखादा निचऱ्याचा बूच उघडायला लावा. नुसतं पाणी आलं तर छपराची दुरुस्ती. तेल आलं तर गळती शोधायची. बूच निघालाच नाही, तर गेल्या कित्येक वर्षांत तो कुणी उघडलेला नाही, आणि बाकीची देखभालही तशीच झाली असणार.

चुंबक दोन कामांसाठी. एम-११३ आणि स्कॉर्पियन कुळाचं चिलखत अॅल्युमिनिअमचं आहे, त्याला चुंबक चिकटणार नाही; चिकटला तर तिथे कुणीतरी लोखंडी तुकडा लावलाय. स्कॉर्पियन कुळातल्या सुरुवातीच्या काही गाड्यांत ताणाखाली गंजून भेगा पडण्याचा दोष नोंदला गेला आहे, म्हणून वेल्डच्या कडा आणि कोपरे बारकाईनं बघा, शंका आली तर डाय-पेनेट्रंट चाचणी (रंगीत द्रव लावून बारीक भेगा शोधण्याची) करून घ्या. दुसरं काम ओळख पटवण्याचं. चित्रपट आणि युद्धप्रसंगांच्या खेळांसाठी एफव्ही-४३२ वर पत्रा चढवून जर्मन बनवलेल्या गाड्या बाजारात असतात. त्यात गैर काही नाही, फक्त किंमत एफव्ही-४३२ ची द्यायची.

इंजिन सुरू झाल्यावर किमान अर्धा तास चालू ठेवा आणि गाडी फिरवायला लावा. बरेच दोष गरम झाल्यावर दिसतात: तेलाचा दाब खाली येतो, गिअर सुटतो, पाणी उकळतं. तेलाची कांडी काढून बघा, तेल दुधाळ असेल तर त्यात पाणी मिसळलंय. सगळे गिअर, मागचाही. पट्ट्याची गाडी दोन्ही बाजूंना सारखी वळते का, की डावीकडे पटकन आणि उजवीकडे रडतखडत. पट्टा ज्या दातेरी चाकावरून फिरतो त्याचे दात सरळ आहेत की एका बाजूला आकड्यासारखे झिजलेत. जमिनीवरच्या चाकांचं रबर लोखंडापासून सुटतंय का. शेवटी गाडी उभी करून दहा मिनिटं थांबा आणि खाली कुठे काय टपकतंय ते पाहा. थोडं तेल सगळ्याच टिपतात. इंधन टपकत असेल तर तिथेच बंद.

जिवावर बेतणाऱ्या चार गोष्टी

२०१७ मध्ये ब्रिटनमधल्या दोघा संग्राहकांना चिनी बनावटीच्या टाइप ६९ रणगाड्याच्या इंधनटाकीत सोन्याच्या विटा सापडल्याची बातमी जगभर गाजली. त्या बातमीतला कामाचा भाग लोक विसरतात: गाडीत मशीनगनची काडतुसं मिळाली होती, म्हणून ते टाकी उघडताना चित्रीकरण करत होते, आणखी काही निघालं तर बॉम्बशोधक पथकाला दाखवता यावं म्हणून. युद्धभूमीवरून आलेल्या गाडीत काहीही असू शकतं. अनोळखी वस्तू दिसली तर हात लावायचा नाही, बाहेर यायचं आणि पोलिसांना कळवायचं.

दुसरी गोष्ट चाकांची. बऱ्याच ब्रिटिश लष्करी चाकांची रिम दोन भागांची असते, नटांनी जोडलेली. हवा भरलेल्या टायरवर ते आतले नट सोडले तर रिमचा अर्धा भाग तोफगोळ्याच्या वेगानं सुटतो. लष्करात हे नट लाल रंगवायची पद्धत होती, पण वीस वेळा रंगवलेल्या गाडीवर तो लाल रंग कधीच गेलेला असतो. आधी व्हॉल्वचा गाभा काढून हवा पूर्ण सोडायची, मगच पाना.

तिसरी, जुनी द्रव्यं. अंधारात चमकणाऱ्या जुन्या काट्यांत रेडियम असू शकतं. काच फुटलेलं मीटर उघडू नका, घासू नका. गॅस्केट, ब्रेक लायनिंग आणि सायलेन्सरवरच्या गुंडाळ्यांत अॅस्बेस्टॉस धरूनच चला. विषारी वायू गाळणारी जुनी फिल्टरं शोभेला म्हणूनसुद्धा फोडू नका, आणि त्या काळचा मुखवटा तोंडाला लावून फोटो काढायचा मोह टाळा.

चौथी अगदी साधी आहे आणि सर्वांत जास्त तीच नडते: हॅच. झाकणाचं वजन माणसाच्या बोटांना ऐकत नाही. उघडलं की खिटी बसली का ते हातानं हलवून बघायचं, प्रत्येक वेळी, आणि पाहुण्यांची लहान मुलं वर चढवण्याआधी तर दोनदा.

घरी आणणं

युरोपात साध्या गाडीमागे लावायच्या ट्रेलरची मर्यादा ट्रेलर धरून ३.५ टन असते, त्यामुळे फेरेटसुद्धा त्यात बसत नाही. लो-बेड ट्रेलर भाड्यानं घ्यावा लागतो आणि चिलखती गाडी चढवण्याचा अनुभव असलेला चालक निवडावा लागतो. लोखंडी फळीवर लोखंडी पट्टा साबणासारखा घसरतो. मध्ये लाकूड किंवा रबराची चटई टाकल्याशिवाय चढवू देऊ नका. ओल्या दिवशी तर नाहीच. चारही बाजूंनी साखळ्या, त्या गाडीच्या ओढण्याच्या हुकांना, चिलखताला वेल्ड केलेल्या पिशव्यांच्या हुकांना नाही. गाडी बंद पडलेली असेल तर विंच आणि क्रेनचा खर्च वर. परदेशातून येत असेल तर बंदरातलं साठवण भाडं रोजच्या हिशेबानं चढतं, म्हणून परवाने हातात पडल्याशिवाय जहाज ठरवू नका. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण बंद पडलेल्या स्वस्त गाड्यांना तंतोतंत लागू पडते. चालू आणि पूर्ण गाडी महाग दिसते, पण शेवटी तीच स्वस्त पडते. खरेदीला ठेवलेल्या पैशातला निदान तिसरा हिस्सा पहिल्या वर्षासाठी मागे ठेवा, असं मी प्रत्येक नवख्याला सांगतो.

पहिलं वर्ष

चालवायला शिका, पण रस्त्यावर नाही. आतून दिसतं फार थोडं, त्यामुळे वर उभं राहून दिशा सांगणारा एक माणूस कायम लागतो, आणि दोघांत इंटरकॉम किंवा निदान ठरलेल्या खुणा. 'थांब' ची खूण आधी ठरवा. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका, धूर बाहेर सोडणारी नळी असली तरी.

महिन्यातून एकदा नुसतं सुरू करून पाच मिनिटांत बंद केल्यानं फायद्यापेक्षा तोटा होतो, आतलं बाष्प तिथेच राहतं. पूर्ण गरम होईपर्यंत चालवा, सगळे गिअर टाका, ब्रेक दाबा. आजच्या पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलनं जुन्या रबरी नळ्या मऊ होऊन फुटतात. पहिल्याच महिन्यात इंधनाच्या सगळ्या नळ्या बदलून टाका आणि आत बसवलेली अग्निशमन बाटली चालू समजू नका, नवं उपकरण हाताशी ठेवा. काही लष्करी गाड्यांच्या ब्रेकमध्ये नेहमीचं ब्रेक ऑइल चालत नाही, खनिज तेल लागतं. चुकीचं ओतलं तर सगळे सील फुगतात. मॅन्युअल न वाचता कुठलंही तेल टाकायचं नाही. गाडीसोबत मॅन्युअल मिळालं नसेल तर ते शोधणं हे पहिलं काम, रंग वगैरे नंतर.

सुटे भाग शोधताना नेटोचा साठा क्रमांक वापरायला शिका. तेरा आकड्यांचा असतो. पहिले चार वस्तूचा वर्ग सांगतात, २५३० म्हणजे ब्रेक, स्टिअरिंग, चाकं आणि पट्टे, ३११० म्हणजे बेअरिंग. पुढचे दोन क्रमांक देणारा देश सांगतात: ९९ ब्रिटन, १२ जर्मनी, ०० आणि ०१ अमेरिका. उरलेले सात त्या वस्तूचे. नावानं शोधलंत तर विक्रेता 'चिलखती गाडीचा खास भाग' म्हणून दाम सांगेल. क्रमांकानं शोधलंत तर तेच बेअरिंग एखाद्या जुन्या ट्रकमध्येही वापरलेलं निघतं. बेअरिंग आणि तेलाचे सील तर बहुतेक वेळा साध्या मापांचे असतात. जुना भाग घेऊन सरळ बेअरिंगच्या दुकानात जा, गाडीचं नाव सांगायची गरज नाही.

प्रत्येक कामाची तारीख, तास आणि वापरलेलं तेल एका वहीत लिहा, काढलेल्या भागांचे फोटो ठेवा. पुढे गाडी विकायची झाली तर नवा ग्राहक आधी वही मागेल. आणि परदेशी ग्राहक आला तर निर्यात परवान्याची सगळी प्रक्रिया पुन्हा पहिल्यापासून करावी लागेल, यावेळी विक्रेता म्हणून. तेव्हा मूळ कागदांच्या छायाप्रती नुसत्या उपयोगाच्या नाहीत, मूळ कागदच जपून ठेवा.